नाव, गाव आणि वगैरे



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून एका स्नेह्यांनी आम्हांस वाटेतच गाठले. ते म्हणाले, "संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये नावे कशी लिहावीत, हा काय चार माणसांनी संध्याकाळी येऊन ऐकण्याचा विषय आहे? ज्यांचा तो धंदा आहे त्यांनी पाहून घ्यावे." प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

प्रोग्रॅम हा यंत्रासाठी लिहावयाचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. प्रोग्रॅम एकदा लिहिला जातो आणि पुढे वर्षानुवर्षे माणसे तो वाचीत राहतात. व्याजाचा दर बदलला, कराचा नियम बदलला, एखादी चूक सापडली, की कोणीतरी ते जुने पान उघडून बसतो. बहुधा तो मूळ लिहिणारा नसतो. लिहिणारा केव्हाच दुसऱ्या नोकरीवर गेलेला असतो. आपल्या ठेवीवरील व्याज, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल या साऱ्यांचा हिशेब आज अशाच पानांवर चालतो. त्या पानावरील एखादे नाव वाचून दुरुस्तीस बसलेल्या माणसाची दिशाभूल झाली, तर तिची किंमत आपण भरतो. म्हणून हा विषय जितका प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा, तितकाच आपलाही आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. समजा, आपणांस कोणी एक पाकीट दिले आणि त्यावर पत्ता आहे, "वडगाव, जिल्हा पुणे". हे पाकीट कोठे पोचवाल? पुणे जिल्ह्यात वडगाव बुद्रुक आहे, वडगाव खुर्द आहे, वडगाव शेरी आहे आणि वडगाव मावळही आहे. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. हे दोन्ही शब्द फारसीतून आपल्याकडे आले आणि महसुलाच्या दप्तरात कायमचे बसले. ते कोणी हौसेने जोडलेले नाहीत. एकाच नावाची दोन गावे एका दप्तरात येऊ लागली, तेव्हा घोटाळा टाळण्यासाठी ते जोडावे लागले. गावातला माणूस मात्र आपल्या गावास नुसते "वडगाव"च म्हणतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. घरात "बाळू" म्हणून हाक मारली की पुरते, शाळेच्या पटावर मात्र नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिन्ही लागतात. कोणत्या नावाला किती विशेषण लावावयाचे हे त्या नावावर अवलंबून नसते. ते कोण वाचणार आणि कोठे वाचणार यावर अवलंबून असते.

प्रोग्रॅमच्या जगात हीच अडचण आहे, फक्त ती कितीतरी मोठी आहे. जावा नावाची एक भाषा आहे. ती १९९५ साली जाहीर झाली आणि आजही जगभर मोठमोठ्या संस्थांचे कारभार तीत चालतात. या भाषेबरोबर हजारो तयार अवजारे मिळतात. ती सारी एकाच खोलीत रचली, तर एका नावाची दोन अवजारे निघणारच. म्हणून त्यांची कोठारे केली आहेत. त्यांस पॅकेज म्हणतात. "जावा.युटिल" या कोठारात नित्य उपयोगाच्या वस्तू आहेत, "जावा.एडब्ल्यूटी" या कोठारात पडद्यावरील खिडक्या आणि बटणे आहेत. एखाद्या वस्तूचे पूर्ण नाव म्हणजे तिचे नाव आणि गाव मिळून होते. जसे, "जावा.युटिल.डेट".

ही वस्तू आपल्या पानावर वापरण्याच्या तीन रीती आहेत. पहिली रीत म्हणजे प्रत्येक वेळी पूर्ण पत्ता लिहिणे. दुसरी म्हणजे पानाच्या माथ्यावर एकदा सांगून टाकणे की, "या पानात डेट म्हटले की जावा.युटिलमधली डेट समजावी", आणि पुढे नुसते "डेट" लिहिणे. यास आयात करणे म्हणतात. तिसरी रीत म्हणजे माथ्यावर "जावा.युटिल.*" असे लिहिणे. त्या तारकेचा अर्थ असा की, "या कोठारातले जे जे लागेल ते ते, नावे काय सांगावयाची?" आपल्या भाषेत या तारकेला चोख शब्द आहे, तो म्हणजे "वगैरे". भांडीकुंडी वगैरे, गुरेढोरे वगैरे. लिहिणाऱ्याला हा शब्द किती सोयीचा! आणि वाटणीच्या वेळी याच एका शब्दापायी भाऊबंद कोर्टाची पायरी चढतात, हेही आपण सारे जाणतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांस वाटते की तारका लिहिली म्हणजे सबंध कोठार उचलून प्रोग्रॅममध्ये भरले जाते, तो जड होतो आणि सावकाश चालतो. जावापुरते तरी हे खरे नाही. जावाची आयात म्हणजे केवळ नाव ओळखण्याची सोय आहे. आपले लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर असतो, तो प्रत्येक आखूड नावाच्या जागी पूर्ण नाव घालून मोकळा होतो. तारका वापरा वा न वापरा, चालताना प्रोग्रॅम तोच आणि तेवढाच राहतो. म्हणजे यंत्राचे काही बिघडत नाही. बिघडते ते वाचणाऱ्याचे. आणखी एक गोष्ट बिघडते, ती चटकन दिसत नाही. ती एका घडलेल्या हकीकतीवरून सांगतो.

जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून एडब्ल्यूटी या कोठारात "लिस्ट" नावाची एक वस्तू होती. पडद्यावर नावांची यादी दिसते आणि तीतून एक निवडता येते, ती ही लिस्ट. पुष्कळ प्रोग्रॅमर माथ्यावर दोन ओळी लिहीत, एडब्ल्यूटीची तारका आणि युटिलची तारका. पुढे "लिस्ट" म्हटले की काम होई, कारण युटिलमध्ये त्या नावाचे कोणी नव्हते. डिसेंबर १९९८मध्ये जावाची १.२ ही आवृत्ती निघाली. तीत युटिलच्या कोठारात पुष्कळ नवा माल आला, आणि त्यात "लिस्ट" नावाचीच एक वस्तू होती. ही मात्र पडद्यावरची यादी नव्हती, ही स्मरणातील वस्तूंची क्रमवार माळ होती. झाले! कालपर्यंत बिनतक्रार उतरणारे पान आज कंपायलर परत करू लागला. त्याचे म्हणणे एवढेच, "लिस्ट म्हणजे कोणती? दोन आहेत."

यातील मर्म ध्यानात घ्या. त्या पानावर कोणी एक अक्षर बदलले नव्हते. लिहिणाऱ्याने त्या दिवशी चूकही केली नव्हती. त्याने "वगैरे" लिहिले, तेव्हा त्या वगैरेत काय येते हे त्याला ठाऊक होते. परंतु पुढे त्यात काय येईल, हे ठरवण्याचा अधिकार त्याने कोठारवाल्यास देऊन टाकला होता. तारका म्हणजे आज लिहिलेला आणि उद्या दुसऱ्याने भरावयाचा कोरा कागद होय. ज्यांनी माथ्यावर "जावा.एडब्ल्यूटी.लिस्ट" असे नाव घेऊन आयात केली होती, त्यांचे काही अडले नाही, कारण जावाच्या नियमाप्रमाणे नाव घेऊन केलेली आयात तारकेहून वरचढ असते. ज्यांची पाने अडली त्यांनाही हीच एक ओळ घालून सुटका करून घेता आली.

आणि ही गोष्ट एकदाच घडून थांबली असेही नाही. जावात "जावा.लँग" नावाचे एक कोठार प्रत्येक पानाला न सांगताच जोडलेले असते. म्हणजे प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक अदृश्य तारका आहेच. २०२० साली १४व्या आवृत्तीत या कोठारात "रेकॉर्ड" नावाची वस्तू आली आणि ज्यांनी आपल्याच कोठारातील "रेकॉर्ड" तारकेने आणली होती, त्यांच्यापुढे तोच जुना प्रश्न उभा राहिला. तत्पूर्वी २०१७ साली सी-प्लस-प्लस भाषेच्या नव्या प्रमाणात "बाइट" हे नाव "एसटीडी" या तिच्या मूळ कोठारात आले. हे कोठार "सबंध उघडे" करण्याची सवय त्या भाषेच्या विद्यार्थ्यांस पहिल्याच धड्यापासून लागते. विंडोजच्या फायलींत "बाइट" हे नाव आधीपासून होते. ज्या पानांत ही दोन्ही एकत्र आली, तेथे तंटा उभा राहिला.

तथापि जावाचा आणि सी-प्लस-प्लसचा कंपायलर निदान हाकाटी तरी करतो. संशय आला की काम थांबवतो आणि विचारतो. अशा तंट्यात नुकसान वेळेचे होते, पैशाचा हिशेब चुकत नाही. खरी धास्ती आहे ती न विचारणाऱ्या भाषांची. पायथन ही आज शाळा-महाविद्यालयांपासून प्रयोगशाळांपर्यंत सर्वत्र वापरली जाणारी भाषा. तिच्यात दोन तारकांतून एकच नाव आले, तर ती तक्रार करीत नाही. नंतर आलेले नाव आधीच्या नावावर मुकाट्याने बसते.

याचे एक लहानसे उदाहरण घेऊ. पायथनमध्ये "सम" नावाचे बेरजेचे अवजार जन्मजातच असते. त्याला शून्य ते चार हे आकडे दिले आणि दुसऱ्या जागी वजा एक दिले, तर ते म्हणते, "वजा एकापासून बेरीज सुरू करावयाची", आणि उत्तर देते ९. आता नमपाय नावाचे गणिताचे एक सुप्रसिद्ध कोठार आहे. त्यातही "सम" आहे. पण त्याच्या दृष्टीने दुसऱ्या जागचा आकडा म्हणजे बेरीज कोणत्या दिशेने करावयाची, आडवी की उभी, याची खूण असते. वजा एक म्हणजे शेवटची दिशा. त्याचे उत्तर येते १०. बेरजेची ओळ अक्षरशः तीच आहे. माथ्यावर नमपायची तारका नसेल तर उत्तर नऊ, असेल तर दहा. ना घंटा वाजली, ना दिवा लागला. ओळ वाचणाऱ्याला तीत काहीही वावगे दिसणार नाही, कारण वावगे त्या ओळीत नाहीच, ते पानाच्या माथ्यावर आहे.

आता आमचीच एक फजिती सांगतो. दुसऱ्याच्या चुकांवर व्याख्यान देणे सोपे असते, म्हणून ही आमच्या पदरची. काही वर्षांपूर्वी आम्ही एका पतसंस्थेसाठी व्याज काढण्याचा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहून दिला होता. त्यात दोन फायली होत्या, एक कर्जांची, तिचे नाव "लोन्स", आणि एक ठेवींची, तिचे नाव "डिपॉझिट्स". दोहोंत "राउंड-ऑफ" या एकाच नावाचे अवजार होते. कर्जांच्या फायलीतले रक्कम पूर्ण रुपयांत आणी, ठेवींच्या फायलीतले पैशांपर्यंत ठेवी. मुख्य पानाच्या माथ्यावर आम्ही आधी लोन्सची तारका लिहिली आणि खाली डिपॉझिट्सची. नंतरची वरचढ, म्हणून ठेवींचे व्याज पैशांसकट बरोबर निघे. हे आम्ही योजून केले नव्हते. ते नशिबाने जमले होते, आणि आम्ही ती आपली हुशारी समजत होतो.

पुढे दुसऱ्या एका तरुण गृहस्थांकडे ते काम गेले. ते टापटिपीचे. त्यांनी माथ्यावरील ओळी रोमन वर्णक्रमाने लावल्या. डी आधी, एल नंतर. याहून निरुपद्रवी काम ते कोणते! पण त्या दिवसापासून लोन्सची तारका शेवटी आली आणि ठेवींचे व्याज पूर्ण रुपयांत निघू लागले. कोणास कळले नाही. कळले ते एका निवृत्त शिक्षिकाबाईंमुळे. त्या पासबुक आणि पाठकोऱ्या कागदावर केलेले गणित घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लागोपाठ चार तिमाह्यांत व्याजात एकदाही पैसे आलेले नाहीत. असे कसे होईल?" रक्कम क्षुल्लक होती. पण बाईंचा प्रश्न क्षुल्लक नव्हता. ज्या संस्थेत आपण पुंजी ठेवली तिचा हिशेब बरोबर आहे की नाही, एवढेच त्या विचारीत होत्या.

आम्हांस बोलावणे आले. आमचेच पान आम्ही वाचावयास घेतले आणि "राउंड-ऑफ" या शब्दापाशी अडलो. हा कोणत्या गावचा? माथ्यावर सात तारका. त्यांतील प्रत्येक फायल उघडावी, तर तिच्याही माथ्यावर तारका, कारण पायथनमध्ये एका फायलीने तारकेने आणलेली नावे सहसा पुढच्या तारकेतूनही वाहत येतात. वगैरेच्या आत वगैरे! शोधण्यात दोन दिवस गेले आणि दुरुस्तीस पाच मिनिटे. नुसत्या "राउंड-ऑफ"च्या जागी आम्ही "डिपॉझिट्स.राउंड-ऑफ" असे लिहिले. नावाला गाव लागले. मग ओळी कोणी कशाही लावल्या तरी त्याचा अर्थ बदलणे नाही. त्या तरुण गृहस्थांस कोणी बोल लावू लागले, तेव्हा आम्हांस सांगावे लागले की चूक त्यांची नाही. ज्या पानात ओळींचा क्रम बदलल्याने पैशाचा हिशेब बदलतो आणि तसे पानावर कोठेही लिहिलेले नसते, ते पान लिहिणाराच दोषी.

येथवर ऐकून आपण म्हणाल, मग प्रत्येक ठिकाणी पूर्ण पत्ता लिहावा, म्हणजे झाले. तेही खरे नव्हे. एखाद्या पत्रात प्रत्येक वाक्यात "मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक येथील" असे लिहीत गेलो, तर वाचणाऱ्यास मजकूर सापडावयाचा नाही. पत्ताच पत्ता दिसेल. लांबलचक विशेषणांच्या गर्दीत मूळ क्रिया बुडते, आणि बुडालेली चूकही मग दिसत नाही. स्पष्टपणा म्हणजे लांबी नव्हे.

यावर आपल्या दस्तऐवज लिहिणाऱ्यांनी फार पूर्वीच तोड काढली आहे. खरेदीखत पाहा. आरंभी एकदा पूर्ण नाव, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण येते. मग "यांचा यापुढे लिहून देणार असा उल्लेख केला आहे" असे म्हणतात, आणि पुढे सर्वत्र "लिहून देणार". आखूडही झाले आणि निःसंदिग्धही राहिले. पायथनमध्ये हीच सोय आहे. नमपायचे कोठार माथ्यावर "एनपी" या टोपणनावाने आणण्याचा प्रघात आहे, आणि पुढे "एनपी.सम" असे लिहितात. दोन अक्षरांचे गाव, पण गाव आहे. नऊ आणि दहाचा घोटाळा मग उद्भवत नाही. पायथनच्या लेखन-नियमावलीत तारका टाळावी असे सांगितले आहे, आणि गूगल कंपनीच्या जावा-नियमावलीत तर ती वापरूच नये असा दंडक आहे.

काही भाषाकर्त्यांनी हा प्रश्न लिहिणाऱ्याच्या मर्जीवर ठेवलाच नाही. निकलाउस विर्थ हे स्वित्झर्लंडचे थोर संगणकशास्त्रज्ञ २०२४ साली वारले. त्यांच्या मॉड्युला-२ या भाषेत तारका नव्हती, परंतु नाव घेऊन आणलेली वस्तू पुढे गावाविना वापरण्याची मुभा होती. पुढे त्यांनी ओबेरॉन ही भाषा रचली, तेव्हा ती मुभाही काढून घेतली. बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूपुढे तिच्या गावाचे नाव लागलेच पाहिजे. २००९ साली जाहीर झालेल्या गो या भाषेनेही सर्वसाधारणपणे हाच मार्ग धरला, आणि वर असा नियम केला की आणलेले पण न वापरलेले कोठार पानावर राहता कामा नये, राहिल्यास कंपायलर पान नाकारील. या शिस्तीचा एक सुपरिणाम असा की कोठारांची नावे आखूड आणि अर्थपूर्ण ठेवावी लागतात, कारण ती पावलोपावली लिहावयाची असतात.

तारकेची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. नवख्या विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशी वीस आयाती लिहावयास लावणे म्हणजे श्रीगणेशापूर्वी व्याकरण शिकवणे होय. २०२५ साली जावाच्या २५व्या आवृत्तीत तर अनेक कोठारांचा सबंध समूह एकाच ओळीने आणण्याची रीत कायम झाली, आणि तिचा एक हेतू नवशिक्यांची सोय हाच आहे. घटकाभर आकडेमोड करून फेकून देण्याच्या पानात तारका खुशाल असावी. कोणी असेही म्हणतात की, आजची लिहिण्याची साधने शब्दावर बोट ठेवताच त्याचे गाव सांगतात, मग चिंता कशाची? पण तीच साधने आयातीच्या ओळीही आपण होऊन लिहितात. मग तारकेने वाचवलेले श्रम तरी कोणाचे? शिवाय पान नेहमीच त्या साधनात वाचले जात नाही. ते कागदावर छापून येते, पुस्तकात येते, तपासनिसासमोर बदललेल्या चार ओळींपुरते येते. तेथे बोट ठेवण्याची सोय नसते, तेथे लिहिलेले तेवढेच बोलते.

तेव्हा सांगावयाचे ते इतकेच. घरच्या माणसाला घरच्या नावाने हाक मारावी. परगावचा पाहुणा आला, तर एकदा त्याचे नाव-गाव सांगून ओळख करून द्यावी. एका नावाचे दोघे असतील, तर दर वेळी गाव लावावे. "वगैरे" मात्र तेथेच लिहावे, जेथे उद्या त्यात आणखी कोणी येऊन बसला तरी कोणाचे नुकसान होणार नाही. लिहिणाऱ्याचे चार शब्द वाचले, म्हणून पुढे येणाऱ्या प्रत्येक वाचकाने गावोगाव पत्ता विचारीत हिंडावे, हा सौदा महाग आहे.

त्या शिक्षिकाबाईंना फरकाचे पैसे मिळाले. पुढल्या तिमाहीस पासबुकावर रुपयांपुढे पैसे उमटलेले पाहून त्यांनी समाधानाने मान डोलावली, असे आम्हांस संस्थेतल्या कारकुनाने सांगितले. कोणती ओळ बदलली हे त्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. ते ठाऊक असणे हे पान लिहिणाऱ्यांचे काम आहे. पाकिटावर नुसते "वडगाव" लिहून ते पेटीत टाकणाऱ्यास, पत्र पोचले नाही म्हणून पोस्टमनवर रागावण्याचा अधिकार नाही.